सांगितलेली सहल : 'शौकीन'मधील वार्धक्य, शृंगार आणि गोवा

बासू चटर्जी यांच्या चित्रपटांचा विचार करताना 'सारा आकाश' (१९६९), 'रजनीगंधा' (१९७४) आणि 'चितचोर' (१९७६) या कृतींकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. राजेंद्र यादव, मन्नू भंडारी, सुबोध घोष यांच्या साहित्यकृतींवर हे चित्रपट आधारलेले असल्याने साहित्य आणि चित्रपट यांच्या संबंधाची चर्चा करणाऱ्याला येथे आयते साधन मिळते. 'शौकीन' (१९८२) मात्र या चर्चेत सहसा येत नाही. वस्तुतः तोही समरेश बसू यांच्या बंगाली कथेवर आधारलेला आहे, म्हणजे साहित्यिक वंशावळ त्यालाही आहे. तरीही तीन म्हाताऱ्यांनी सुट्टी काढून गोव्याला जावे आणि तेथे एका तरुण मुलीच्या मागे लागावे, हा विषयच असा की त्याची बोळवण 'हलकीफुलकी करमणूक' या दोन शब्दांत होते. प्रस्तुत लेखात या चित्रपटाची रूपबंधाच्या अंगाने तपासणी करावयाची आहे. तो थोर चित्रपट आहे असे सिद्ध करण्याचा येथे हेतू नाही. त्यातील विनोद ज्या गोष्टीवर उभा आहे ती गोष्ट आपल्याकडील एका फार जुन्या नाट्यप्रकाराशी नाते सांगते, आणि त्या नात्यातच या चित्रपटाचे बळ आणि त्याची लबाडी अशा दोन्ही गोष्टी आहेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

कथानक थोडक्यात असे. ओमप्रकाश चौधरी (अशोककुमार), जगदीशभाई (उत्पल दत्त) आणि इंदर सेन ऊर्फ 'अँडरसन' (ए. के. हंगल) हे मुंबईतील तिघे साठी ओलांडलेले मित्र. पैशांची ददात नाही, नजर अजून तरुण आहे आणि शहरात तिला वाव नाही. म्हणून तिघे मिळून सहलीचा बेत आखतात. त्यासाठी रवी (मिथुन चक्रवर्ती) नावाचा ड्रायव्हर ठेवला जातो. रवीची प्रेयसी अनिता (रती अग्निहोत्री) गोव्यात आहे, तेव्हा तो मालकांना गोव्याचीच वाट सुचवतो आणि अनिताच्या घरीच त्यांच्या मुक्कामाची व्यवस्था लावून देतो. रवी आणि अनिता यांचा संबंध म्हाताऱ्यांना ठाऊक नाही. मग प्रत्येक जण तिच्यासोबत एकांत मिळवण्याच्या खटपटीस लागतो. प्रत्येकाला तो मिळतो, प्रत्येकाच्या हाती काहीच लागत नाही आणि प्रत्येक जण परत येऊन उरलेल्या दोघांना आपल्या विजयाची हकिगत ऐकवतो.

कामातुर वृद्ध हे विनोदाचे जगभरातील जुने खाद्य आहे. प्लाउटसच्या रोमन सुखात्मिकांत तो नेमाने भेटतो. 'कासिना'मधला लिसिडामस हा बाप तर दासीच्या बाबतीत आपल्या पोराचाच प्रतिस्पर्धी होऊन बसतो. मोलिएरच्या 'बायकांची शाळा' (१६६२) या नाटकातील आर्नोल्फ हा त्याचाच फ्रेंच अवतार. नॉर्थ्रप फ्राय यांनी या म्हाताऱ्याला सुखात्मिकेतील अडथळा मानले. तरुण जोडप्याच्या वाटेत तो उभा असतो, त्याला बाजूला सारून नवा समाज आकाराला येतो आणि शेवटी त्या समाजात त्यालाही सामावून घेतले जाते. 'शौकीन'वर ही मांडणी बऱ्यापैकी बसते. एक फरक तेवढा नजरेत भरतो. रोमन सुखात्मिकेत प्रियकर तरुण वेगळा आणि त्याला युक्त्या पुरवणारा धूर्त दास वेगळा. येथे रवीच्या रूपाने दोघे एक झाले आहेत. नोकरीची गरज असलेला सुशिक्षित तरुण हाच सेवक आणि हाच नायक, ही विसाव्या शतकातील भारतीय शहराची देणगी म्हणावी लागेल.

मराठी वाचकाला येथे साहजिकच देवलांची 'संगीत शारदा' (१८९९) आठवेल. भुजंगनाथ हा आपल्या रंगभूमीवरचा सर्वांत गाजलेला कामातुर म्हातारा. (हरविलास सारडा यांच्या नावावरून ओळखला जाणारा १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आणि देवलांची शारदा यांची गल्लत पदव्युत्तर उत्तरपत्रिकांत अजूनही भेटते, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते. नावाच्या योगायोगाने साहित्याला एवढे मोठे श्रेय फुकट मिळाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या माहितीत नाही.) भुजंगनाथाला आपण हसतो, पण त्या हसण्याच्या तळाशी भीती असते, कारण सगळी व्यवस्था त्याच्या बाजूची आहे. बाप मुलगी विकायला तयार आहे, मध्यस्थ दलाली खायला तयार आहे, आणि विवाह मोडतो तोसुद्धा वयाच्या विसंगतीवर नव्हे, तर सगोत्रतेच्या मुद्द्यावर. धर्मशास्त्राच्याच एका कलमाने शारदा वाचते, धर्मशास्त्र बदलून नव्हे. देवलांच्या वास्तवदृष्टीचा हा पुरावा मानला पाहिजे. 'शौकीन'मधल्या म्हाताऱ्यांच्या पाठीशी अशी कोणतीच व्यवस्था नाही. त्यांच्याजवळ पैसा आहे, पण त्या पैशाने त्यांना फक्त खोली, जेवण आणि ड्रायव्हर मिळतो. अनिता कोणाची विकाऊ मुलगी नाही, ती स्वतः कमावते. म्हणून येथे आपण निर्धास्तपणे हसतो. ही निर्धास्तता कोठून येते, आणि ती खरी आहे का, या प्रश्नाकडे मी पुढे येणार आहे.

त्याआधी रूपबंधाचा मुद्दा. या चित्रपटातील विनोद 'घडण्या'चा नसून 'सांगण्या'चा आहे, याकडे लक्ष दिले पाहिजे. जे घडते ते नगण्य आहे: एक म्हातारा, एक मुलगी, थोडा वेळ, थोडी फजिती. जे सांगितले जाते ते मात्र भव्य आहे. सांगणारा खोटे बोलतो हे प्रेक्षकाला ठाऊक असते. ऐकणाऱ्या दोघांना ते ठाऊक नसते. त्यांना ते ठाऊक करून घ्यायचेही नसते, कारण आपली पाळी आल्यावर हेच करता यावे एवढी मोकळीक त्यांना हवी असते. तिघांचा मिळून एक अलिखित करार आहे. मी तुझे खोटे मान्य करतो, तू माझे कर.

संस्कृत नाट्यशास्त्राच्या परंपरेत याचे नेमके नाव असलेला एक प्रकार आहे, तो म्हणजे भाण. रंगमंचावर एकटाच विट. तो गणिकांच्या पेठेतून फिरतो, दिसत नसलेल्या पात्रांशी बोलतो, त्यांचे न ऐकू येणारे उत्तर स्वतःच ऐकल्यासारखे करतो आणि पुढे जातो. या तंत्राला आकाशभाषित म्हणतात. 'चतुर्भाणी' या नावाने एकत्र आलेले चार भाण आज उपलब्ध आहेत आणि मोतीचंद्र व वासुदेवशरण अग्रवाल यांच्या संपादनामुळे ते हिंदीच्या वाचकालाही परिचित झाले. या भाणांतील विट पुष्कळदा उतारवयाचा असतो. कामशास्त्राचा तो पंडित आहे, पण आता त्याच्यासाठी ते शास्त्र बोलण्यापुरतेच उरले आहे. वररुचीच्या नावावर असलेल्या 'उभयाभिसारिके'त तर फार गमतीचा प्रकार आहे. रुसलेल्या प्रेमिकांचा समेट घडवण्यासाठी विट निघतो, वाटेत दहा जणांशी बोलतो, आणि तो पोहोचतो तोवर वसंतऋतूने ते काम परस्पर उरकलेले असते. विटाची गरजच उरलेली नसते. त्याच्या वाट्याला येते ते फक्त बोलणे.

'शौकीन'मध्ये असे तीन भाण एकापुढे एक आले आहेत, असे मला वाटते. प्रत्येक म्हातारा आपल्या हकिगतीत दोन्ही पात्रांची वाक्ये स्वतःच बोलतो. त्याने सांगितलेली अनिता ही आकाशभाषितातील अनिता आहे. तिचे उत्तर फक्त त्यालाच ऐकू आलेले असते. फरक असा की संस्कृत भाणात त्या अदृश्य पात्राची पडताळणी करण्याचे साधन प्रेक्षकापाशी नसते. चित्रपटात कॅमेरा आधीच तेथे जाऊन आलेला असतो. बासू चटर्जींनी भाणाला साक्षीदार दिला, असे म्हणता येईल. आणि साक्षीदार आला की विटाचा ऐश्वर्यशाली शब्दप्रपंच केविलवाणा होतो. हंगल यांच्या वाट्याला आलेले प्रसंग या दृष्टीने पाहावेत. 'शोले'तील (१९७५) आंधळ्या इमामसाहेबांसारख्या भूमिकांमुळे हिंदी प्रेक्षकाने ज्या चेहऱ्याकडे सात्त्विक दुःखाचा चेहरा म्हणून पाहिले, तोच चेहरा येथे बढाई मारताना दिसतो. ही पात्रयोजना हे दिग्दर्शकाने केलेले मूक भाष्यच आहे. सात्त्विक म्हाताऱ्याची प्रतिमा हीसुद्धा कोणी तरी सांगितलेली गोष्टच असते.

उत्पल दत्त यांच्या संदर्भात याहून महत्त्वाचा दुवा सापडतो. मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' (१९६९) हा बनफूल यांच्या कथेवर आधारलेला चित्रपट नव्या हिंदी चित्रपटाचा आरंभबिंदू मानला जातो. रेल्वेतील एक कडक, विधुर अधिकारी रजा घेऊन पक्ष्यांच्या शिकारीसाठी सौराष्ट्रात जातो. तेथे त्याला गौरी नावाची खेडूत तरुणी भेटते. तिच्या सहवासात त्याच्या आत काही तरी सैल होते. ही गौरी नेमकी त्याच जाधव पटेल नावाच्या तिकीट तपासनिसाची वाग्दत्त वधू निघते, ज्याला तो लाच घेतल्याबद्दल कामावरून काढण्याच्या विचारात असतो. गौरीची भूमिका सुहासिनी मुळे यांनी केली होती. फिल्म सोसायटीच्या चळवळीत आणि माहितीपटांच्या क्षेत्रात मोठे काम केलेल्या विजया मुळे यांच्या त्या कन्या, हा मराठी संबंध आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

आता हे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत. रजेवर गेलेला प्रौढ पुरुष, अनोळखी किनारपट्टीचा प्रदेश, तरुण मुलगी, आणि त्या मुलीचा खरा जोडीदार म्हणजे या पुरुषाच्या हाताखालचा माणूस: सांगाडा एकच आहे आणि नटही एकच आहे. सांगाडा एक असला तरी दोन्हींतले अंतर फार मोठे आहे. भुवन शोम कधीही काही बोलत नाही. आपल्याला काय झाले ते त्याने कोणाला सांगितलेले नाही. परत आल्यावर कार्यालयाच्या चार भिंतींत तो एकटाच मोकळा होतो. ज्याला काही तरी झाले तो गप्प आहे, ज्यांना काहीच झाले नाही ते अखंड बोलत आहेत. तेरा वर्षांच्या अंतराने एकाच नटाने ही दोन्ही टोके साकारली. उत्पल दत्त यांचा जन्म १९२९ चा. म्हणजे 'भुवन शोम'च्या वेळी ते चाळिशीत होते आणि 'शौकीन'मधील साठीपलीकडचा जगदीशभाई साकारताना त्रेपन्नाच्या आसपास. त्याच वेळी अशोककुमार खरोखरच सत्तरीचे होते. पडद्यावर हे अंतर जाणवत नाही. माझे स्वतःचे वय आज उत्पल दत्तांच्या त्या वयाच्या जवळपास असल्याने या तपशिलाकडे मी काहीशा अस्वस्थपणे पाहतो, हे मान्य करायला हवे.

मूळ लेखकाविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. समरेश बसू (१९२४–१९८८) हे दोन नावांनी लिहीत. 'कालकूट' या टोपणनावाने त्यांनी जी प्रवासकथनपर पुस्तके लिहिली, त्यांत १९५४ चे, प्रयागच्या कुंभमेळ्यावरचे 'अमृतकुंभेर संधाने' विशेष गाजले. त्यातील निवेदक माणसे शोधत जातो आणि भेटलेल्या माणसांसमोर स्वतः लहान होतो. 'शौकीन'ची सहल ही या यात्रेची उलटी बाजू आहे. येथे प्रवासी माणूस शोधायला जात नाहीत. मुंबईत परतून सांगता येईल अशी हकिगत शोधायला जातात. समरेश बसू या खऱ्या नावाने लिहिणाऱ्या लेखकाचे नाव मात्र न्यायालयाशी जोडले गेले होते. 'देश' साप्ताहिकाच्या १९६७ च्या शारदीय अंकात आलेल्या 'प्रजापति' या कादंबरीवर अश्लीलतेचा खटला झाला, खालच्या न्यायालयांत लेखक दोषी ठरला आणि अखेर १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. ग्राम्य लेखन म्हणजे अश्लील लेखन नव्हे, असा भेद त्या निकालात केला आहे. त्यापूर्वी १९६९ मध्ये चंद्रकांत काकोडकर यांच्या 'श्यामा' या, 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील कथेसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने लेखकाच्या बाजूने निकाल दिला होता. बंगालीचा शारदीय अंक आणि मराठीचा दिवाळी अंक, या दोन संस्थांचा तौलनिक अभ्यास वाङ्मयीन मूल्यांच्या अंगाने आपण करतो, पण त्यांच्यावरच्या खटल्यांच्या अंगाने फारसा करत नाही. 'शौकीन' प्रदर्शित झाला तेव्हा 'प्रजापति'चा निकाल लागायचा होता. तरुणांच्या वासनेवर लिहिणारा लेखक आरोपी म्हणून उभा होता आणि वृद्धांच्या वासनेवरची त्याची कथा सहकुटुंब पाहिली जात होती. म्हाताऱ्यांची वासना निरुपद्रवी असते असे समाजाने गृहीत धरलेले असते, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

मराठी रंगभूमीने या काळात वार्धक्याचे काय केले? 'नटसम्राट' (१९७०) आणि जयवंत दळवी यांचे 'संध्याछाया' या नाटकांनी म्हातारपणाला जी प्रतिष्ठा दिली ती दुःखाची होती. मुले दूर जातात, घर रिकामे होते, शब्द उरतात. या नाटकांचे मोल कमी लेखण्याचा प्रश्न नाही. पण आपल्या मध्यमवर्गीय रंगभूमीने वृद्धांना शोक करण्याचा अधिकार दिला आणि इच्छा करण्याचा अधिकार मात्र नाकारला, हेही तितकेच खरे. स्वतः बासू चटर्जी 'खट्टा मीठा'मध्ये (१९७८) याच अशोककुमारांना उतारवयात पुन्हा लग्न करू देतात. पण तेथे इच्छेला घर, मुले आणि जागेची टंचाई यांचा सभ्य आधार आहे. 'शौकीन'मध्ये इच्छा उघडी आहे, तिला कसलेही सामाजिक निमित्त नाही. म्हणून ती हास्यास्पद करूनच दाखवावी लागली.

काही वर्षांपूर्वी जबलपूरच्या महाराजपूर भागात मुक्काम असताना शेजारच्या निवृत्त मंडळींसोबत हा चित्रपट पुन्हा पाहण्याचा योग आला. येथील कारखान्यांतून आणि रेल्वेतून निवृत्त झालेली पाच-सहा जोडपी होती. त्यांत मराठी बोलणारी तीन. पुरुष हसत होते ते चित्रपटाच्या पहिल्या भागात, जेथे तिघांची नजर रस्त्यावरून भिरभिरते. बायका तेथे गप्प होत्या. नंतर गोव्यात पहिली खोटी हकिगत सुरू झाली आणि बायका अशा हसू लागल्या की पुढचे संवाद ऐकू येईनात. आता पुरुष गप्प होते. एका आजींनी नंतर चहा देताना एवढेच म्हटले, "आमच्याकडे पेन्शनीनंतर रोज असाच सिनेमा असतो, फक्त गोवा नसतो." सांगण्याच्या विनोदाविषयी वर जे लांबलचक लिहिले आहे, त्याचे मूळ या वाक्यात आहे.

"फक्त गोवा नसतो" हे शब्द मात्र मला अडले. जबलपूरसारख्या समुद्रापासून दूरच्या गावी गोवा म्हणजे सिनेमातलाच गोवा. तशी आम्हांलाही या व्यवहाराची दुसरी बाजू ठाऊक आहे. 'जिस देश में गंगा बहती है'मध्ये (१९६०) आमच्या भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि नर्मदा दिसते ती दरोडेखोरांच्या कथेची आरास म्हणून. नदीचे नाव शीर्षकातही भलतेच. पण भेडाघाटला निदान कोणी मोकळ्या वर्तनाचा परवाना समजले नाही. गोव्याचे तसे झाले. १९६१ च्या मुक्तीनंतर पाचच वर्षांच्या आत 'जोहर मेहमूद इन गोवा' (१९६५) आला. 'बॉम्बे टू गोवा' (१९७२) आणि 'बॉबी' (१९७३) यांनी समुद्र, हॉटेल, गाणे आणि कोळ्याची ख्रिस्ती मुलगी यांची सांगड पक्की केली. याच काळात प्रत्यक्ष गोव्यात १९६७ चे जनमत झाले होते आणि कोकणी-मराठीचा वाद धुमसत होता, जो १९८७ च्या राजभाषा कायद्यापर्यंत पोहोचला. 'शौकीन'च्या कथेला यातले काहीच लागत नाही. रवीने महाबळेश्वर सुचवले असते तर कथानकाचा सांगाडा बदलला नसता. प्रेक्षकाची निर्धास्तता मात्र ढळली असती. मुंबईत जे ओंगळ वाटले असते ते गोव्यात गमतीचे वाटते, कारण तेथे 'चालते' अशी आपली आधीच समजूत झालेली आहे. मघाशी राखून ठेवलेल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. भुजंगनाथामागे धर्मव्यवस्था उभी होती. या तिघांच्या मागे गोव्याविषयीची आपली समजूत उभी आहे.

या बाबतीत मराठी साहित्याने हिंदी चित्रपटाकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. दळवी यांच्या 'महानंदा' या कादंबरीत संशोधनाच्या निमित्ताने गोव्यात आलेला मुंबईचा प्राध्यापक आणि भाविणीची मुलगी यांची प्रेमकथा आहे, शं. ना. नवरे यांच्या 'गुंतता हृदय हे' या नाट्यरूपाने ती घरोघरी पोहोचली. ती शोकात्म आहे, गंभीर आहे, तिच्यात देवदासी प्रथेविषयीची कणव आहे. तरी तिची सुरुवात 'शौकीन'सारखीच होते: शहरातला पुरुष रजेवर दक्षिणेकडे येतो आणि तेथील स्त्री त्याच्या आयुष्यातला एक अध्याय होते. राजाराम पैंगणकर यांचे 'मी कोण?' हे त्याच समाजातून आलेले आत्मकथन शेजारी ठेवून वाचले की पाहुण्याची कणवसुद्धा कशी पाहुण्याचीच राहते हे कळते. आपण 'महानंदा' पाठ्यक्रमात लावतो आणि 'शौकीन'ला हसून सोडून देतो. माझ्या मते दोन्ही कृती एकाच तासाला शिकवायला हव्यात.

आता अनिताविषयी. ती गाते, घर भाड्याने देते, रवीवर प्रेम करते आणि म्हाताऱ्यांशी कधी हसून, कधी टाळून वागते. तिचा सौजन्यपूर्ण व्यवहार हा धंद्याचा भाग आहे, हे चित्रपटाला कळते; तिघांना कळत नाही आणि त्यातून विनोद निर्माण होतो. येथवर ठीक आहे. पण तिन्ही खोट्या हकिगतींचा विषय आपण आहोत, आपल्याविषयी तीन खोल्यांपलीकडे काय बोलले जात आहे, याचा तिच्या मनावरचा परिणाम चित्रपट तपासत नाही. तो म्हाताऱ्यांना ओशाळवाणे करतो, पण ते ओशाळतात ते एकमेकांसमोर आणि प्रेक्षकांसमोर. मी वर ज्याला चित्रपटाची लबाडी म्हटले ती हीच. दिग्दर्शकाने भाणाला साक्षीदार दिला खरा, पण तो साक्षीदार कॅमेरा आहे, अनिता नव्हे. संस्कृत भाणात गणिकेचा आवाज विटाच्या तोंडून येतो म्हणून आपण त्याला परंपरेची मर्यादा म्हणतो. १९८२ च्या चित्रपटाला ती सवलत देता येत नाही, विशेषतः ज्या दिग्दर्शकाने 'रजनीगंधा'त एका स्त्रीच्या मनाची दोलायमानता इतक्या निगुतीने उलगडून दाखवली त्याला तर नाहीच. 'द शौकीन्स' (२०१४) या नव्या आवृत्तीत म्हातारे दिल्लीचे झाले, गोव्याच्या जागी मॉरिशस आले आणि मुलीच्या स्वप्नात खुद्द अक्षयकुमार आला. या मुद्द्यावर मात्र तो तसूभरही पुढे गेला नाही, म्हणून त्याचा विस्तार करीत नाही.

हा चित्रपट वर्गात दाखवला तेव्हा चर्चा अपेक्षेप्रमाणे फ्राय आणि भुजंगनाथ यांच्याभोवती फिरत राहिली. शेवटी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. चौथी कोण सांगणार?" माझ्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून मी तिलाच गृहपाठ दिला. पंधरा दिवसांनी तिने चार पानांचा एक भाण लिहून आणला. त्यात अनिता एकटीच आहे; पाहुणे सकाळी निघून गेले आहेत, ती खोल्या आवरते आहे आणि तिघांच्या मुक्कामाचा हिशेब वहीत मांडते आहे. मध्येच ती दाराकडे पाहून कोणाशी तरी बोलते, थांबते, उत्तर ऐकल्यासारखे करते, आणि पुन्हा हिशेबाकडे वळते. पलीकडून काय उत्तर आले ते तिने लिहिलेले नाही.